नाला बंद केला की तळं आपोआप निवळतं? थांबा की जरा

आमच्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "सोलापूरचा कंबर तलाव असो नाहीतर सिद्धेश्वर, सांडपाणी बंद करा, एका पावसाळ्यात पाणी निवळेल. तळाचा गाळ मेलेला असतो, तो काढणं म्हणजे उधळपट्टी. जलपर्णी मारून तिथंच सोडा, खत होतं." सांडपाणी बंद करा हे शंभर टक्के बरोबर, त्यावर भांडण नाही. बाकीचं बघू.

आधी "गाळ मेलेला असतो". मागच्या उन्हाळ्यात मी कंबर तलावाच्या काठचा ओंजळभर गाळ लोणच्याच्या बरणीत घातला, वर पाणी, झाकण उघडं (ती बरणी अजून घरात परत घेतलेली नाहीये). चार-पाच दिवसांत वरचा कागदाएवढा थर तपकिरी झाला, खाली सगळं काळं. तो तपकिरी थर म्हणजे गंजलेलं लोखंड, आणि शेवाळ ज्यावर पोसतं तो फॉस्फरस त्यालाच चिकटून बसतो. मग झाकण घट्ट लावलं तर काही दिवसांत तपकिरी गायब, उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास. झालं काय, की गाळातला कुजका पालापाचोळा खाताना बॅक्टेरिया ऑक्सिजन संपवतात, तो संपला की त्याच्या जागी नायट्रेट वापरतात, मग त्या गंजावर येतात, आणि गंज विरघळला की त्याला धरून बसलेला फॉस्फरस सुटून पाण्यात. पुढं सल्फेटचा नंबर, त्यातून तो वासाचा गॅस, तो लोखंडाला धरून काळं करून टाकतो, म्हणजे फॉस्फरस पकडायला लोखंडही मोकळं राहत नाही. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पाणी तापतं, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात हा सगळा कारभार जोरात. याला मेलेला म्हणायचं का बे?

"एका पावसाळ्यात" म्हणे. स्वीडनमधलं ट्रुमेन तळं बघा, उथळ, सांडपाणी १९५०च्या दशकाच्या शेवटी वळवलं, तरी पुढची दहा वर्षं हिरवंच. १९७०-७१ मध्ये साधारण मीटरभर गाळ उपसला तेव्हा कुठं सुधारलं. हां, सिएटलच्या लेक वॉशिंग्टनमध्ये १९६८ पर्यंत सांडपाणी वळवलं आणि काही वर्षांत पाणी खरंच निवळलं, मेसेजवाले तेच उदाहरण देतील, पण ते साठ मीटरच्या वर खोल आहे ओ, तळाशी ऑक्सिजन टिकतो. आपली तळी उथळ, जोराचं वारं सुटलं तरी तळ ढवळतो.

जलपर्णीचं खत होतं हे खरं, पण ते खत कुणाला? शेवाळालाच की. शिवाय कुजताना ऑक्सिजन खाते ती वेगळीच. नायट्रोजन निदान थोडा गॅस होऊन हवेत जातो, फॉस्फरसला तशी वाट नाही, तो तळाशी नाहीतर पाण्यात. एक ग्रॅम फॉस्फरसवर शंभरेक ग्रॅम सुकं शेवाळ पोसतं. म्हणून जलपर्णी बाहेर ओढून लांब नेऊन टाकायची.

गाळाचंही तसंच, काढायचा तर वरचा काळा थर नीट काढून शेतात न्या, ट्रुमेनचा गाळ वाळवून चक्क विकला होता. जेसीबी फिरवून काठावरच ढीग लावला तर पहिल्या वळवाच्या पावसात तो परत आत.