नावाला लागलेली नोकरी

अक्षररेखाटनाच्या वर्गात पहिलाच गृहपाठ मिळाला: स्वतःचं नाव हाताने असं काढा, की तुमच्या स्वप्नातलं काम त्यातून कळलं पाहिजे. अटी दोनच. नाव वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी चित्र काढायचं नाही. म्हणजे डॉक्टर व्हायचं असेल तर नावाच्या गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून सुटका नाही. नाडी अक्षरानेच बघायची.

कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी काढली, की जाहिरात बघूनच हसायचं की रडायचं ते ठरावं. मॅडमनी हे सांगितल्यावर मला उगाचच हुरूप आला. उगाचच अशासाठी, की माझी सही बघून बँकेतला माणूस दरवेळी एकदा सहीकडे आणि एकदा माझ्याकडे बघतो.

माझं नाव सुनील. आजवर ते संगणकावर र. कृ. जोशींच्या मंगल फॉन्टमध्ये निमूटपणे बसत आलंय. त्याला काही व्हायचंय, असं त्याने कधी दाखवलं नाही.

आधी मी दोरीवरून चालणारा व्हायचं ठरवलं. शिरोरेषा म्हणजे आयती ताणलेली दोरी! पण देवनागरी अक्षरं दोरीवर चालत नाहीत, दोरीखाली लोंबकळतात. स, न आणि ल तिघंही तोल जाऊन कसेबसे लटकलेले दिसायला लागले. वर उरली एकटी वेलांटी. तिचा बाक ताणून छत्री केली. बायकोने कागद लांब धरून पाहिला आणि विचारलं, "कपडे वाळत घातलेत का?"

मग अंतराळवीर. तिथे वजन नाही, तर टांगायला रेषा तरी कशाला? शिरोरेषा खोडली, अक्षरं तरंगती सोडली. नाव अंतराळात जायचं ते सरळ गुजरातीत गेलं. त्या लिपीला शिरोरेषा नसते, आणि स, न, ल ही मंडळी तिकडेही जवळजवळ याच चेहऱ्याने वावरतात.

"रिकाम्या जागेकडे बघा," मॅडम म्हणाल्या. लिंडन लीडर यांनी १९९४ साली फेडेक्स या कुरिअर कंपनीच्या बोधचिन्हात ई आणि एक्स यांच्या मधल्या पांढऱ्या जागेतून बाण काढला होता. मी दुपारभर माझ्या नावातली रिकामी जागा न्याहाळली. न आणि वेलांटीचा दांडा यांच्यामध्ये एक अरुंद बोळ सापडला. त्यातून बाण काय, टाचणीसुद्धा आडवी गेली नसती.

शेवटी पाणबुड्या सुचला, आणि इथे मात्र नावानेच हात पुढे केला. शिरोरेषा म्हणजे पाण्याची पातळी, किंचित लाटा मारलेली. अक्षरं सगळी पाण्याखाली. सु चा उकार म्हणजे पायातला पंख. नी ची दीर्घ वेलांटी दांड्यावरून वर चढते, पाण्याबाहेर डोकं काढते आणि वळते. श्वास घ्यायची नळी याहून वेगळी काय असते? ल ची दोन पोटं फुगवून हवेच्या टाक्या केल्या. गोल आकार सपाट आकाराच्या मापातच काढला तर बुटका दिसतो, म्हणून तो रेषेबाहेर जरासा सांडू द्यायचा असतो. हे शास्त्र पोटाच्या बाबतीत मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. नळीची जाडी सगळीकडे सारखी राहावी म्हणून आधी दोन्ही कडा पेन्सिलीने काढल्या, मग आत शाई भरली. वळणावर हात थरथरला तिथे जाडी वाढली, ती झाकायला सांध्यासारखं एक कडं काढलं. टोकापाशी दोनचार बुडबुडे सोडले. चित्र नको हे मान्य, पण बुडबुड्यांना कोण चित्र म्हणतं? शिवाय अनुस्वाराचा अनुभव त्यांना होताच.

वर्गात सगळ्यांचे कागद भिंतीवर लागले. मॅडम माझ्यासमोर बराच वेळ थांबल्या.

"वा, सुनीलराव! नळकाम इतकं नेमकं कुणी दाखवलं नव्हतं. हा पाइप, हा वर वळलेला नळ, सांध्यावरची रिंग. आणि ठिबकणारे थेंबसुद्धा!"

टाळ्या पडल्या. मी पाण्याखालच्या जगाबद्दल बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या काकू घाईघाईने पुढे आल्या.

"आमच्या मोरीतला नळ रात्रभर ठिबकतो हो. रविवारी जमेल का यायला?"

भिंतीवरचं नाव इतकं अनुभवी दिसत होतं, की नाही म्हणवेना.

"वॉशर कधी बदललाय?" मी विचारलं.