‘भरपाई दिली, आता प्रशिक्षणावर पैसा कशाला?’ : या दाव्याला उत्तर

नागपूर जिल्ह्यातील कन्हान नदीच्या काठावरील गावांमध्ये सध्या एक लांबलचक मजकूर मोबाइलवरून फिरतो आहे. औष्णिक वीज केंद्राच्या राखेमुळे किंवा कोळसा खाणीमुळे ज्यांचे काम गेले, त्यांना नव्या कामाचे प्रशिक्षण देण्यासाठी निधी ठेवणे ही उधळपट्टी आहे, असा त्याचा आशय आहे. त्यासाठी चार कारणे दिली आहेत : नुकसान झालेल्यांना भरपाई मिळून गेली, खेड्यातला चाळिशीपुढचा माणूस नवे काही शिकत नाही, अशी प्रशिक्षणे कागदावरच राहतात, आणि हा सगळा भार करदात्यांवर पडतो. यातले तिसरे कारण बऱ्याच अंशी खरे आहे आणि त्याच्या आधाराने उरलेली तीनही खरी वाटू लागतात, म्हणून प्रत्येकाचा वेगळा विचार करणे आवश्यक आहे.

पहिला मुद्दा भरपाईचा. जुलै 2022 मध्ये मुसळधार पावसात कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या शिवारांतून वाहत कन्हान नदीपर्यंत गेले. अशा वेळी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात, आणि तो सातबारा पाहून होतो. ज्याच्या नावावर जमीन आहे, त्याचे नाव यादीत येते; मक्त्याने शेती करणारा, सालदार (वर्षाच्या कराराने राबणारा गडी), रोजंदारीवर जाणारी बाई यांची नावे त्यात येण्याची सोयच नसते. जुलै हा पऱ्हाटी (कपाशी) आणि सोयाबीनच्या निंदणाचा महिना आहे. ओली राख पिकावर बसून वाळली की तिचा थर कडक होतो, पीक पिवळे पडते आणि त्या वावरात निंदायला काही उरत नाही. त्या शेतावर निंदणाला जाणाऱ्या बाईची श्रावणापर्यंतची मजुरी बुडते आणि दिवाळीच्या सुमारास किलोवर मिळणारी कापूस वेचणीची मजुरीही बुडते. शेतमालकाला मिळालेल्या भरपाईतून तिला काही मिळावे, असा कोणताही नियम नाही.

मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर आणि भोई कुटुंबांची अवस्था याहून अवघड आहे, कारण नदीचा सातबारा त्यांच्या नावावर नसतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंडी घालतात आणि बारीक राख नेमकी त्या वेळी तळाच्या रेतीवर बसली, तर नुकसान एका हंगामापुरते राहत नाही. जाळ्याच्या बारीक आसांत राखेचा गाळ अडकला की जाळे जड होते, ते धुण्यातच दिवस जातो, आणि हाती येणारी मासळीही थोडी असते. मजकूर लिहिणाऱ्याने ‘नुकसान झालेले’ असे म्हणताना ही माणसे मोजलेलीच नाहीत.

चाळिशीनंतर माणूस शिकत नाही, हे विधान मला सर्वांत अन्यायकारक वाटते. पाण्याचा रंग पाहून कुठे कोणती मासळी असेल ते सांगणाऱ्या माणसाला मत्स्यबीज वाढवणे, तळ्याची निगा राखणे किंवा पिंजऱ्यात मासे पोसणे शिकवता येणार नाही, असे कोणत्या अनुभवावरून म्हणायचे? पूर्व विदर्भात भंडारा-गोंदिया भागातल्या काही गावांनी माजी मालगुजारी तलावांत (जुन्या मालगुजारांच्या काळातल्या गावतलावांत) देशी पाणवनस्पती लावून स्थानिक मासळी पुन्हा वाढवली आहे, आणि त्या कामात ढिवर समाजाच्या स्त्रियाही पुढे आहेत. खरी अडचण वेगळी आहे आणि तिच्याविषयी या मजकुरात एक शब्दही नाही. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते, तो तीन महिने वर्गात बसला तर त्या तीन महिन्यांत घर कोणी चालवायचे? शिकवणाऱ्या संस्थेला शुल्क मिळते आणि शिकणाऱ्याची रोजी मात्र बुडते, म्हणून तो चौथ्या दिवशी यायचा थांबतो. मग ‘हे लोक शिकत नाहीत’ असा शेरा मारला जातो. पुनर्प्रशिक्षणाच्या निधीतला मोठा वाटा शिकण्याच्या काळातील निर्वाहभत्त्यावर, निदान किमान वेतनाइतक्या रकमेवर खर्च व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. तसे नसेल तर तो निधी ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

तिसऱ्या मुद्द्याशी मी पुष्कळसा सहमत आहे. काही आठवड्यांचा वर्ग, शेवटी छायाचित्र आणि प्रमाणपत्र, अशी प्रशिक्षणे झाली आहेत. भोपाळमध्ये 1984 च्या वायुदुर्घटनेनंतर पीडित महिलांसाठी शिवणकामाची केंद्रे उघडली गेली, ती पुढे टिकली नाहीत, आणि काम परत मिळावे म्हणून तिथल्या महिलांना संघटना उभारून झगडावे लागले. पण या महिला शिवायला शिकल्या होत्या. तुटला तो कामाचा पुरवठा. त्यावरून निष्कर्ष निघतो तो एवढाच, की माल घेणारा कोण आणि नेमणूक देणारा कोण हे आधी ठरवावे, आणि संस्थेचे शेवटचे देयक माणूस सहा महिने कामावर टिकल्याचे पाहूनच द्यावे.

आता करदात्यांविषयी. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये वेल्लोरच्या चर्मोद्योग प्रकरणात देशाच्या कायद्याचा भाग मानले, आणि पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्यातील कलम 20 मध्ये ते थेट लिहिलेले आहे. खाणपट्ट्यात तर 2015 पासून खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत. खाणधारकांच्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) 10 किंवा 30 टक्क्यांइतकी जादा रक्कम त्यांत जमा होते आणि कौशल्यविकास हा त्या निधीच्या उच्च प्राधान्याच्या बाबींपैकी एक आहे. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीही आहे, पण त्यात मालकाने 15 दिवसांच्या वेतनाइतकीच रक्कम भरायची आहे, आणि निंदणारी बाई किंवा ढिवर कोणाचाच कामगार नसल्यामुळे त्यांना तो लागूच होत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल : वीज केंद्र सरकारी कंपनीचे असल्याने तिने भरलेला पैसा अखेर वीजग्राहकांकडूनच येणार. तो येऊ द्यावा. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरची वीज सगळ्या राज्यात जाते, राख मात्र इथल्या शिवारात राहते. मुंबई-पुण्याच्या देयकात त्यामुळे थोडी वाढ झाली, तर तो विजेच्या खऱ्या खर्चाचाच भाग आहे. आज तोच खर्च खसाळ्याच्या आसपासची मजूर घरे बुडालेल्या रोजीतून भरत आहेत.

हरित न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत भरपाईच्या बाबींमध्ये व्यवसाय किंवा रोजगार गमावणे ही बाब स्वतंत्रपणे नोंदलेली आहे, आणि तिथे सातबाऱ्याची अट नाही. कलम 15 खाली अर्ज करण्याची मुदत कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षे आहे. जुलै 2022 ची घटना धरली तर ती जुलै 2027 मध्ये संपते. त्याआधी प्रत्येक बाधित गावाने ग्रामसभेत भूमिहीन मजूर, मक्त्याने शेती करणारे आणि मासेमार यांची यादी ठरावासह मंजूर करून घ्यावी, आणि मागणीत रोख रकमेबरोबर निर्वाहभत्त्यासह प्रशिक्षणाचा खर्चही मांडावा.