ऑर्केस्ट्रा मंडळाने बंद केला, पण त्या सभागृहात आपण कुठे होतो?

आज सकाळपासून आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर जे संतापाचे संदेश येत आहेत ते वाचून राहवले नाही, म्हणून हे लिहीत आहे. काल रात्री इथे, अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावच्या सरकारी शाळांच्या, शिक्षण मंडळाने पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक मंजूर केले आणि त्यात चौथी-पाचवीच्या मुलांचे ऑर्केस्ट्राचे, म्हणजे व्हायोलिन-चेलोचे, वर्ग गेले. ‘मंडळाने आपला विश्वासघात केला’, ‘एवढा टॅक्स भरून हेच मिळायचे का’, ‘कुणाला न विचारता परस्पर ठरवले’ असे संदेश मी मोजले तर साठच्या वर भरले. ठराव पाच विरुद्ध चार मतांनी संमत झाला. सभागृहात जेमतेम वीस माणसे होती आणि २१४ जणांच्या आमच्या गटातून मी आणि आणखी एक गृहस्थ, असे दोघेच होतो.

परस्पर काहीही ठरलेले नाही. हे मी एवढ्या ठामपणे म्हणू शकते, कारण चार वर्षांपूर्वी ‘परस्पर ठरवले’ हेच वाक्य मी स्वतः त्याच सभागृहात, थरथरत्या आवाजात उच्चारले होते. माझ्या मुलीची शाळा घरापासून सात मिनिटांवर होती आणि एके दिवशी टपालाने पत्र आले की शाळांच्या हद्दी बदलल्यामुळे सप्टेंबरपासून तिला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत जावे लागेल. मी तडक पुढच्या बैठकीला गेले, माइकसमोर नाव आणि पत्ता सांगितला आणि मिळालेल्या तीन मिनिटांत एकच प्रश्न तीनदा विचारला, की आम्हाला आधी का सांगितले नाही. हा विषय आधीच्या पाच बैठकींच्या कार्यक्रमपत्रिकेवर होता, असे अध्यक्षांनी शांतपणे सांगितले. मी खाली मान घालून जागेवर येऊन बसले, तेव्हा शेजारच्या एका वृद्ध बाईंनी आपल्याजवळची कार्यक्रमपत्रिका माझ्याकडे सरकवली. तिच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत टिपणे केलेली होती. त्या पाचही बैठकींना त्या आल्या होत्या, आणि त्यांच्या मुलांनी या गावची शाळा सोडून तीस वर्षे झाली होती.

डिस्ट्रिक्ट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जिल्हा उभा राहतो, तिथेच आपली समजूत चुकते. न्यू जर्सीत असे सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत आणि बहुतेक ठिकाणी एक गाव म्हणजे एक डिस्ट्रिक्ट. माझे वडील सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांचा पगार, बदली, पाठ्यपुस्तके सगळे वरून येत असे, त्यामुळे शाळा ही सरकारची असते हे आपल्या मनात पक्के बसलेले आहे. इथे तसे नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखसुद्धा नाही. परिपूर्ण आणि कार्यक्षम अशा मोफत सार्वजनिक शाळा चालवण्याची जबाबदारी १८७५ पासून न्यू जर्सीच्या स्वतःच्या घटनेत आहे, आणि राज्याने रोजचा कारभार गावोगावच्या मंडळांकडे सोपवलेला आहे. आमच्या मंडळात नऊ सदस्य आहेत. ते तीन वर्षांसाठी निवडून येतात, दरवर्षी तीन जागा रिकाम्या होतात आणि त्यांना या कामाचा एक डॉलरही मिळत नाही. तुमच्या-माझ्यासारखीच नोकरी करून संध्याकाळी येऊन बसणारी ही शेजारची माणसे आहेत.

सुपरिंटेंडेंटला, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाळांच्या प्रमुख अधिकाऱ्याला, हे मंडळ नेमते. शिक्षकाच्या नेमणुकीची शिफारस सुपरिंटेंडेंटने करायची आणि तिच्यावर मंडळाने मत द्यायचे, असा कायदा आहे. एकट्या सदस्याला साध्या मुख्याध्यापकालाही आदेश देण्याचा अधिकार नाही, कारण सगळा अधिकार उघड बैठकीतल्या मतदानात असतो. म्हणूनच ‘माझी एका सदस्याशी चांगली ओळख आहे, मी बोलतो’ असे आज सकाळी कुणीतरी लिहिले ते वाचून मला फार वाईट वाटले. ओळखीने काम होण्याची सवय आपण सोबत घेऊन आलो, आणि दार सताड उघडे असताना ते कुणाकडून तरी उघडून घेण्याच्या खटपटीत राहिलो. उघड बैठकींचा कायदा इथे १९७५ पासून आहे आणि नागरिकांना बोलायला वेळ देणे शिक्षण मंडळावर कायद्यानेच बंधनकारक आहे.

पैशाचा हिशेबही कुणी लपवून ठेवलेला नाही. राज्यपालांचे अंदाजपत्रकीय भाषण झाले की दोन-तीन दिवसांत कोणत्या डिस्ट्रिक्टला राज्याकडून किती मदत मिळणार ते आकडे जाहीर होतात, मार्चमध्ये कच्चे अंदाजपत्रक येते, एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला जाहीर सुनावणी होते आणि १ जुलैला नवे आर्थिक वर्ष सुरू होते. आमच्यासारख्या उपनगरांत खर्चाचा मोठा वाटा घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, आणि २०१० च्या कायद्याने या करवसुलीतली वाढ, काही अपवाद सोडले तर, वर्षाला दोन टक्क्यांवर रोखलेली आहे. खर्चातला सर्वांत मोठा भाग पगार आणि आरोग्यविम्याचा असतो आणि विम्याचे हप्ते दोन टक्क्यांवर थांबत नाहीत. मग कुठेतरी कात्री लागतेच, आणि ज्याच्या बाजूने बोलायला सभागृहात कुणी नसते तिथे ती आधी लागते. हॉकीच्या मैदानासाठी मार्चपासून प्रत्येक बैठकीला पालक येत होते. व्हायोलिनसाठी कालपर्यंत कुणी आले नाही. मुलांना सर्वांत जास्त उत्साहाने व्हायोलिन शिकवणारे पालक आपणच आहोत, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

आपल्यातल्या अनेकांना मताचा अधिकार नाही, हे खरे आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत ज्यांची उमेदीची वर्षे गेली त्यांनी कर भरायचा आणि नोव्हेंबरमध्ये मतदानाच्या दिवशी घरी बसायचे, हा अन्याय आहे, हे मी मान्य करते. पण तीन मिनिटे बोलायला नागरिकत्व लागत नाही. आणि ज्यांच्याकडे नागरिकत्व आहे, त्यांच्यापैकी किती जण मतपत्रिकेच्या तळाशी असलेल्या शिक्षण मंडळाच्या नावांपर्यंत पोहोचतात? ‘आपण घर घेताना शाळेचे रेटिंग बघून जास्त पैसे मोजले आहेत’ हे वाक्य मला आता सहन होत नाही. आपण घर विकत घेतले आहे, शाळा विकत घेतलेली नाही. ती चाळीस चाळीस वर्षे कुणीतरी संध्याकाळी घराबाहेर पडून सांभाळली, म्हणून आपल्याला चांगली मिळाली.

हे लिहिताना माझा आवाज चढला आहे याची मला जाणीव आहे. संध्याकाळी साडेसातला मुलांचे जेवण, गृहपाठ आणि भारतातल्या ऑफिसबरोबरचे कॉल असतात. आपले उच्चार कुणाला समजतील का, या भीतीने कितीतरी आया माइकसमोर उभ्या राहत नाहीत, आणि ती भीती मला नीट ठाऊक आहे. त्या रात्री मी रडवेली होऊन बाहेर आले तेव्हा त्याच वृद्ध बाई पार्किंगपर्यंत माझ्यासोबत चालत आल्या. मतदान हा शेवट असतो, विषय पहिल्यांदा पत्रिकेवर दिसेल त्या रात्री येत जा, एवढेच त्या म्हणाल्या. काल त्या काठी टेकत आल्या होत्या. ऑर्केस्ट्रावर आमच्या गटातले आम्ही दोघे बोललो आणि तिसऱ्या त्या बोलल्या, ज्यांच्या घरात आता वाद्य शिकणारे कुणी नाही.

एका मताने गेलेली गोष्ट एका मताने परत येऊ शकते. नोव्हेंबरमध्ये तीन जागांसाठी निवडणूक आहे आणि उमेदवारीचे अर्ज जुलैअखेर द्यायचे आहेत. आपल्या गटातल्या जे नागरिक आहेत त्यांच्यापैकी कुणी उभे राहणार असेल तर सह्या गोळा करायला मी दारोदार येईन. पुढची बैठक १९ तारखेला संध्याकाळी साडेसातला मिडल स्कूलच्या सभागृहात आहे. पुढचे दार त्या वेळी बंद असते, जिमच्या बाजूच्या दाराने आत यावे.