जपान 'केलं' नाही हो, जपानला गेलो होतो

काल हातात मठ्ठ्याचा ग्लास होता म्हणून, नाहीतर मी काय बोलले असते माझं मला माहीत नाही.

डोंबिवलीला मावसनणंदेकडे वास्तुशांत. पंगत उठलेली, मसालेभात अंगावर आलेला, एसी एकाच खोलीत आणि त्या खोलीत सत्तावीस माणसं. आणि तिथे आमचे चुलत दीर. पाय पसरून बसलेले, मला बघितलं आणि म्हणाले, "काय वहिनी, जपान केलंत म्हणे!"

केलंत. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

"हो भाऊजी, जाऊन आलो मागच्या महिन्यात."

"सोबत काय जोडलं?"

"जोडलं म्हणजे?"

"अहो कोरिया, तैवान, काहीतरी जोडतात ना."

"नाही, जपानच. अकरा दिवस."

"अकरा दिवसांत एकच??" चेहरा असा की मी सकाळपासून ओट्याशी उभी राहून एकच पोळी लाटली. मग पुढचा प्रश्न, ज्यासाठी हे सगळं चाललं होतं. "किती झाले मग तुमचे एकूण?"

किती काय झाले? पोरं? दात? मोतीबिंदू? तर देश. देश किती झाले. आणि मी उत्तर द्यायच्या आतच, कारण माझं उत्तर ऐकायचंच नव्हतं मुळात, "आमचे सव्वीस. पन्नाशीच्या आत पन्नास करायचेत." आता भाऊजी अठ्ठेचाळीसचे आहेत, मला पक्कं माहितीये, नवऱ्याच्याच वर्गात होते. म्हणजे दोन वर्षांत चोवीस. म्हणजे महिन्याला एक देश, सोसायटीच्या मेंटेनन्ससारखा, दहा तारखेच्या आत.

बरं, तरी मी शांत होते. खरंच. मला वाटलं बोलण्याचा विषय जरा माणसात आणावा, म्हणून मी हिरोशिमाचं सांगायला घेतलं. तिथल्या म्युझियममध्ये एका लहान मुलाची तीनचाकी सायकल आहे, गंजून गेलेली. शिनिची नाव, चारचाही झाला नव्हता, ६ ऑगस्ट १९४५ ला घराबाहेर ती सायकल चालवत होता. बापाने त्याला लांब कुठे न पुरता घराच्याच अंगणात पुरलं, एकटा कसा राहील म्हणून, सोबत सायकलही ठेवली. चाळीस वर्षांनी, १९८५ ला, ती बाहेर काढून म्युझियमला दिली. आमचा बारा वर्षांचा दिवटा, ज्याच्या तोंडाला एरवी झोपेतसुद्धा ब्रेक नसतो, तो त्या काचेसमोर उभा राहिला तो राहिलाच, आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलला नाही. रात्री फक्त विचारलं, त्याच्या बाबांनी सायकल परत बाहेर का काढली, त्याला नको होती का ती. काय उत्तर देणार.

हे मी सांगत होते. माझा आवाज जरा बसला होता सांगताना, खोटं कशाला बोलू.

आणि भाऊजी म्हणाले, "हिरोशिमा हाफ डे होतं ना आरामात?"

हाफ डे!

आणि ह्यावर कडी म्हणजे आमचा नवरा. माझा. लग्नाचा. सोफ्याच्या टोकावरून म्हणतो, "अरे मी तेव्हाच म्हणत होतो हिला, कोरिया जोडू." कधी म्हणत होतास रे? व्हिसाचे फॉर्म मी भरले, तीन वर्षांचे रिटर्न मी शोधले, तुझा ऑफिसचा सुट्टीचा लेटर मी तुझ्या एचआरच्या मागे लागून आणवला, तू फक्त फोटोसाठी सहा दुकानं पालथी घातलीस आणि तरी कान दिसत नाहीत म्हणून फोटो परत काढायला लागला. कोरिया म्हणे.

मुळात ते 'करणं' माझ्या डोक्यात जातं. दुबई केलं, बाली केलं, व्हिएतनाम यंदा दिवाळीत करतोय. अरे ते काय थालीपीठ आहे? माझी आजी म्हणायची काशी केली, पण तिने ती जन्मात एकदा केली, आल्यावर मावंदं घातलं, अख्खं गाव जेवलं, आणि त्यानंतर चाळीस वर्षं ती काशीच्या गोष्टी सांगत होती, तिथल्या माकडांसकट. तिने म्हणावं केली. तुम्ही विमानातून उतरून बसमध्ये, बसमधून उतरून फोटोत, फोटोतून परत बसमध्ये, आणि म्हणे केलं.

आणि धरतात काय काय त्या सव्वीसमध्ये! व्हॅटिकन धरलंय. अर्धा चौरस किलोमीटरसुद्धा नाही, साधारण चार शिवाजी पार्क एकमेकांना चिकटवली की झालं व्हॅटिकन. तरी धरा बाबा, पोपचा मान आहे. लिकटेनस्टाइन धरलंय. मुंबईच्या पाव आकाराचा देश, तिथे वाडुझमध्ये बस थांबते, सगळे पळत पळत टुरिस्ट ऑफिसात जातात आणि फ्रँक मोजून पासपोर्टवर स्वतःच शिक्का मारून घेतात. म्हणजे कोणी अडवलेलं नाही, विचारलेलं नाही, तरी आपणच पैसे देऊन सांगायचं की आम्ही आलो होतो बरं का! जर्मनी धरलंय ते टिटिझेच्या कुकू क्लॉकच्या दुकानामुळे. ऑस्ट्रिया धरलंय ते वाटेन्सच्या स्फटिकाच्या दुकानामुळे. माझ्या मते हे दोन देश नाहीत, दोन दुकानं आहेत. ब्रसेल्सला तो दोन फुटी सू करणारा पुतळा बघायला पावसात वीस मिनिटं, त्यातली पंधरा बाथरूमच्या लायनीत, त्याने फुकट केली आणि आपण पैसे देऊन.

मला हे सगळं इतकं बारकाईने कसं माहीत, असं तुम्ही विचारणार. विचारू नका. येते त्यावर.

आधी अजून एक. भाऊजींना सध्या मोठं दुःख आहे. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात ती नवीन सिस्टिम आली ना, बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात आणि पासपोर्टवर शिक्का मारणं बंद. "मजाच गेली हो वहिनी, पानं कोरी राहतात." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. नव्वद युरो फी, ती व्हिसा नाकारला तरी परत नाही, तीस हजार युरोचा इन्शुरन्स, काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि शेवटी कोरं पान. घ्या.

आता जपानबद्दल मला जे सांगायचं होतं आणि कोणी ऐकलं नाही ते इथे सांगते, ऐकावंच लागेल. कचऱ्याचे डबे नाहीत. अख्ख्या टोकियोत रस्त्यावर डबा दिसेल तर शपथ. १९९५ च्या त्या मेट्रोतल्या सरीन हल्ल्यानंतर काढले ते काढलेच. आणि रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, वय त्र्याहत्तर, संत्र्याची सालं सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत पर्समध्ये सांभाळली, औषधांच्या गोळ्यांशेजारी. हॉटेलवर आल्यावर टाकताना म्हणाल्या, "इतकी जपून तर मी माझी पाटलीही नेली नसती."

जेवणाचे हाल झाले, ते कबूल. आई शुद्ध शाकाहारी, आणि तिथे भाजीच्या सुपातसुद्धा माशाचं पाणी. दाशी म्हणतात त्याला. तुम्ही सांगा नो मीट, ते हसून मान डोलवतात आणि मासा घालतात, कारण मासा म्हणजे मीट नाही, हे त्यांचं बंगाल्यांसारखं आहे. मेतकूट, भडंग आणि गुळाच्या पोळ्यांवर अकरा दिवस निघाले. पण कोपऱ्यावरच्या दुकानात भाताचे त्रिकोण मिळतात, आत उमेबोशी नावाचं खारट-आंबट फळ, ते खाऊन आई म्हणाल्या, "अगं हे आपलं मुरलेलं लिंबाचं लोणचं." पुढे रोज एक. आत अजून काय असतं ते मी विचारलं नाही आणि कोणी मला सांगूही नका.

आणि टॉयलेट! ह्या विषयावर मला कोणी अडवायचं नाही. युरोपात आपल्याकडची माणसं पाण्याची बाटली घेऊन चोरासारखी आत जातात, तेही युरो मोजून. जपानात कमोडलाच फवारा, पाणी कोमट, सीट गरम, १९८० पासून त्यांच्याकडे आहे हे. बहुतेक ठिकाणी फुकट. परदेशात मला पहिल्यांदा कोणीतरी आपलं भेटल्यासारखं वाटलं.

क्योटोला जाताना मुद्दाम उजव्या बाजूच्या खिडक्या घेतल्या, फुजी दिसतो म्हणून. ३७७६ मीटरचा डोंगर ढगाने गिळला होता. चिरंजीव म्हणाले रिफंड मिळेल का. आणि त्याच गाडीत आईंची जपमाळ राहिली. तुळशीची, सासऱ्यांनी पंढरपूरहून आणलेली. आईंचा चेहरा बघवेना. मी स्टेशनावरच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत गेले, भाषा येत नाही, फोनवर भाषांतर करून दाखवलं तर बहुतेक 'लाकडी हार' असं काहीतरी आलं असावं, कारण तो माणूस मला आधी दागिन्यांचा कागद द्यायला लागला. शेवटी मी डोळे मिटून बोटांनी मणी ओढून दाखवले. त्याने लगेच मान डोलवली. त्यांच्याकडेही माळ असते ना. दुसऱ्या दिवशी माळ मिळाली, छोट्या पारदर्शक पिशवीत, वर चिठ्ठी, तारीख, डबा नंबर. आणि त्या माणसाने ती दोन्ही हातांनी दिली. आई तिथेच स्टेशनावर त्याच्या पाया पडायला निघाल्या, त्याची त्रेधा उडाली बिचाऱ्याची, तो खाली वाकतोय, ह्या खाली वाकताहेत, थांबायचं कोणी हे ठरेना.

आता हे सांगायचं होतं मला काल. दोन मिनिटं लागली असती. पण नाही, किती झाले.

उत्तर मला सुचलं, पण घरी आल्यावर, भांडी आवरताना. नेहमीचंच. म्हणायला हवं होतं, भाऊजी, तुम्ही लोणार बघितलंत का? बुलढाणा जिल्ह्यात आहे, उल्का पडून झालेलं विवर, जवळपास दोन किलोमीटर रुंद, आत सरोवर, व्हिसा लागत नाही. महाराष्ट्राचे छत्तीस जिल्हे, किती झाले तुमचे? गडचिरोली केलंत का? अशी गप्प बसवायची संधी होती. मग मी भांडी टाकून स्वतःचेच मोजले. एकवीस. त्यातले सोलापूर आणि धाराशिव रात्रीच्या एसटीत झोपेत. म्हणजे बरंच झालं मी बोलले नाही.

आणि आता ते मघाचं. रात्री चिरंजीव अंथरुणातून, "आई, आपले किती झाले ग?" ह्या माणसाने माझ्या पोराला बिघडवलं. मी म्हणलं झोप, असं मोजायचं नसतं. तो म्हणाला बरं. आणि मग मला झोप लागेना.

कारण मोजायला गेलं तर असं आहे. नेपाळ, लग्नानंतर. सिंगापूर, नवऱ्याच्या ऑफिसच्या कृपेने. जपान. तीन. आणि २०१९ ला आम्ही युरोप केलं. होय, केलं. अकरा दिवस, मानेला फुगवायची उशी, सगळ्यांना एकसारख्या भगव्या टोप्या, नऊ देश. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी म्हणजे घड्याळाचं दुकान, स्वित्झर्लंड, लिकटेनस्टाइन, ऑस्ट्रिया म्हणजे स्फटिकाचं दुकान, इटली आणि ती चार शिवाजी पार्क. वाडुझच्या त्या लायनीत मी तिसरी होते. शिक्का आहे माझ्याकडे, जुन्या पासपोर्टात, कपाटात वरच्या खणात, अधूनमधून काढून बघते. फ्रिजवर नऊच्या नऊ मॅग्नेट आहेत आणि मावसनणंद एकदा आली होती तेव्हा मी ते देशांच्या क्रमाने लावले होते.

बारा झाले. भाऊजींच्या निम्म्याहून कमी.

पण जपानहून येताना आम्ही बँकॉकला विमान बदललं होतं. सात तास होतो. विमानतळाबाहेर नाही पडलो, पण मी तिथे थाई पैशांत कॉफी घेतली आणि आईंनी एका बाईशी खुणांनी अर्धा तास गप्पा मारल्या, नातवंडांचे फोटो दाखवले एकमेकींना, ही लिकटेनस्टाइनपेक्षा कितीतरी जास्त ओळख झाली असं मला वाटतं. रात्री दीड वाजता नवऱ्याला हलवून उठवलं. म्हणलं, अरे ऐक ना, बँकॉक धरायचं का?

तो कूस न बदलता म्हणाला, "कोरिया जोडलं असतं तर..."

लाथ घातली. पण धरलं.