नाना, डीएनए बदलत नाही

भावकीच्या ग्रुपवर नानांनी परवा फॉरवर्ड टाकला, वर तीन लाल सायरन: ‘ड्रग्जच्या एका डोसने डीएनए कायमचा बदलतो. व्यसनी कधीच सुधारत नाही. मुलंही तशीच निघतात. अशा घरात मुलगी देऊ नका.’

शेवटच्या वाक्यासाठीच आधीचं विज्ञान जमवलेलं दिसतंय, म्हणून उत्तर देतोय.

डीएनए बदलत नाही. पोथीतली अक्षरं तीच राहतात. कुठलं पान उघडं, कुठलं दुमडलेलं, तेवढं बदलतं. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. कोकेन वारंवार घेतलं की मेंदूच्या न्यूक्लियस अकम्बन्स या भागात हिस्टोनांवरच्या रासायनिक खुणा बदलतात. गुंडाळी कुठे सैल होते, कुठे आवळते आणि त्याप्रमाणे जनुकं जास्त-कमी वाचली जातात.

आता ‘एका डोसने’ आणि ‘कायमचा’. एका डोसनंतर फॉस कुळातली, म्हणजे इतर जनुकांचं वाचन कमी-जास्त करणारी, बरीच प्रथिनं वाढतात आणि काही तासांत ओसरतात. त्यातलं डेल्टा-फॉसबी मात्र चिवट. एका वेळी जेमतेम वाढतं, पण रोजच्या डोसाने थरावर थर साचतं आणि नशा थांबल्यावरही काही आठवडे टिकतं. मेंदूशास्त्रज्ञ एरिक नेस्लर यांच्या प्रयोगशाळेचं हे काम, बरंचसं उंदरांवरचं. म्हणजे आठवडे, जन्मभर नव्हे. चेतापेशींच्या जोडण्यांतले काही बदल त्याहून लांबतात, हे मान्य. पण नुसतं चाकावर पळूनही उंदरांत डेल्टा-फॉसबी वाढतं, त्याचं काय करायचं?

‘कधीच सुधारत नाही’? अमेरिकन संशोधक ली रॉबिन्स यांनी १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा मागोवा घेतला. तिथे जवळपास पाचातला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. मायदेशी तीन वर्षांत त्यांच्यातले साधारण १२ टक्केच पुन्हा त्यात अडकले.

राहिली मुलं. व्यसनाचा कल काही अंशी आनुवंशिक असतो, पण तो बापाने पहिला झुरका मारण्याआधीपासून त्याच्या डीएनएत असतो. उलट २०१३ च्या एका प्रयोगात कोकेन घेणाऱ्या नर उंदरांच्या नर पिल्लांनी कोकेन कमीच घेतलं! उंदरांवरून माणसाचं ठरवू नये, खरंय. फॉरवर्डवाल्याने तर उंदीरही पाहिले नव्हते.

आणि नाना, २०११ मध्ये कँडेल या संशोधक दांपत्याच्या गटाने उंदरांना आधी तंबाखूतलं निकोटिन दिलं, मग कोकेन. डेल्टा-फॉसबी ज्यातून बनतं ते फॉसबीचं जनुक नुसत्या कोकेनपेक्षा जास्त चेतवलं गेलं. फॉरवर्ड पाठवताना तुमच्या डाव्या तळव्यावर चुना मळून झाला होता ना?