बंड्याला कळवलं का?

आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुठलीही बातमी पडली, की पाच-दहा मिनिटांत तिच्याखाली कुणीतरी विचारतंच, ‘बंड्याला कळवलं का?’ प्रश्न सगळ्यांना असतो, उत्तर मात्र मी द्यायचं असतं. कारण बंड्या व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. त्याच्याकडे सदाशिव पेठेतला, चोवीसने सुरू होणारा लँडलाइन आहे आणि ‘ज्याला काम असेल तो करेल की फोन’ हे तत्त्व आहे. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, तेवढ्या भांडवलावर मला त्याचा वार्ताहर नेमलंय. बिनपगारी.

आमची बॅच 1975 ची. महाराष्ट्रातली दहावीची पहिली एसएससी. जुन्या अकरावीवाल्यांनीही त्याच साली एसएससी दिली आणि माझा थोरला भाऊ नेमका त्यांच्यात. पेढ्यांच्या एकाच पुड्यात घरच्यांनी दोघांची बोळवण केली. असो. 2025 मध्ये पन्नास वर्षं झाली म्हणून मेळावा ठरला आणि हरवलेली मंडळी भराभर ग्रुपवर गोळा झाली. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात 1024 माणसं मावतात म्हणे. आम्ही चाळीसच्या आसपास आहोत, पण आवाज पूर्ण क्षमतेचा आहे. मुलीही आहेत. शाळेत ज्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही, त्यांना आता ‘अगं’ म्हणावं की ‘अहो’, हे ठरेना, म्हणून मी वाक्यंच अशी रचतो की क्रियापद लागू नये. ‘छान फोटो.’ ‘नातू गोड.’

2022 पासून ग्रुप गुपचूप सोडायची सोय झाली आहे. फक्त अ‍ॅडमिनला कळतं, बाकीच्यांना नाही. सोय करणाऱ्यांना आमचा अ‍ॅडमिन ठाऊक नसावा. मागे एक जण असाच हळूच निसटला, तर सकाळी ग्रुपवर निवेदन: ‘आपला एक मित्र काल रात्री 11.40 ला बाहेर पडला आहे. कारण समजलेले नाही. बंड्याला कळवावे.’

तर, बंड्याला कळवणं. त्याला नुसती बातमी चालत नाही, तपशील लागतो. आणि वेळ पाळावी लागते. दुपारी एक ते चार फोन केला तर वहिनी ‘झोपलेत’ एवढंच म्हणून ठेवून देतात. चारनंतर केला तर तो चहा पीत असतो.

“बोल.”

“अरे, जोशीला अ‍ॅडमिट केलंय.”

“कुठल्या?”

इथे अडतं. वर्गात जोशी चार. एक लंब्या जोशी, एक चिकट जोशी. तिसरा पानशेत जोशी, कारण 1961 च्या पुरात नदीकाठचं घर गेलं आणि ते लोक गोखलेनगरला राहायला गेले. चौथा टकल्या जोशी. आठवीत मुंज झाली आणि तो घेरा ठेवून वर्गात आला, तेव्हाचं नाव. आज बाकीच्या तिन्ही जोशांचं डोकं साफ आहे आणि भांग पाडण्याइतके केस फक्त टकल्याला उरलेत. ग्रुपवर कुणी फोटो टाकून ‘टकल्याबरोबर निवांत सकाळ’ लिहिलं, की तीन माणसांचा गैरसमज होतो.

“पानशेत,” मी सांगतो.

“काय झालंय?”

“अँजिओप्लास्टी.”

“थांब.” डायरीची पानं उलटल्याचा आवाज येतो. बँकेची फुकट मिळालेली डायरी. “दिवाळीच्या आधी तू बायपास म्हणाला होतास.”

“ती लंब्याची, रे.”

“लंब्याचा गुडघा होता. डावा.”

गुडघा होता. डावाच होता.

ह्या डायरीमुळे असं झालंय, की जो माणूस ग्रुपवर नाही, त्याच्याकडेच ग्रुपची खरी माहिती आहे. आम्हा सगळ्यांची माहिती वर वर सरकत जाते आणि खाली गुड मॉर्निंगची फुलं साचतात. बंड्याचं तसं नाही. हल्ली पोरं परस्पर त्याला फोन करून विचारतात, अमक्याची मुलगी कॅनडात की ऑस्ट्रेलियात, तमक्याच्या बायकोला भेटायला जायचं तर तिला आंबा चालतो की शुगर आहे. हे मला कुणी सांगत नाही, तोच सांगतो. वर म्हणतो, “तू जरा अर्धवट आणतोस.”

गेल्या महिन्यात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता ही बातमी उलट्या दिशेने न्यायची होती. त्याने मजकूर फोनवर सांगितला आणि मला तो परत वाचून दाखवायला लावला. ‘उजव्या डोळ्याचे ऑपरेशन व्यवस्थित पार पडले. भिंग भारतीय बनावटीचे. प्रकृती उत्तम. कुणी नारळपाणी घेऊन येऊ नये.’

मी ते टाकलं, आणि त्याच मिनिटाला कुणीतरी एका सरांच्या निधनाची बातमी टाकली. मग जे हात जोडले गेले! कुणाचे सरांना, कुणाचे बंड्याला, देव जाणे. संध्याकाळी फोन केला.

“वाच,” बंड्या म्हणाला.

“काय वाचू? हात आहेत जोडलेले.”

“कुणाचे, ते सांग.”

मी वाचायला बसलो. “लंब्या, नमस्कार. चिकट, नमस्कार. कुलकर्णी बाई, नमस्कार आणि एक दिवा.”

“दिवा कशाला?”

“तो सरांचा असेल.”

“असेल म्हणजे? विचार.”

आतून आमची ही म्हणाली, “आरती चाललीय का तुमची?”

“भावपूर्ण श्रद्धांजली,” मी पुढे वाचलं आणि घाईने म्हणालो, “हे तुला नाही.”

“कुणी लिहिलंय?”

“टकल्या.”

“मग मलाच असेल. तो मेसेज न वाचता लिहितो.” पेनाचा आवाज आला. “आणि वाचून काहीच न बोललेले किती? कळतं म्हणे तुमच्यात.”

कळतं. मेसेज दाबून धरला की नावांची यादी येते. मी यादी वाचली. दोन नावांवर तो “हं” म्हणाला.

“सगळ्यांना माझे आभार कळव,” शेवटी बंड्या म्हणाला. “हे दोघे सोडून.”

तेव्हापासून मी तो मेसेज लिहितोय आणि पुसतोय. काल अ‍ॅडमिनने विचारलं, ‘बंड्याचं काही कळलं का?’