रॅपवर ठाम मत कसं बाळगावं

पहिली अट एकच. गाणं पूर्ण ऐकायचं नाही. पूर्ण ऐकलं की शब्द कळायला लागतात, आणि शब्द कळले की चांगलं तयार झालेलं मत नासतं. ठाण्यात माजिवड्याहून कासारवडवलीला जाताना शेजारच्या रिक्षातून कानावर पडेल तेवढं रॅप पुरे. घोडबंदर रोडवर तेही पाऊण तास पडतं, त्याला इलाज नाही.

त्यातूनही ती रिक्षा तुमच्याच नशिबी आली, तर मात्र नीट बसा. स्पीकर सीटच्या मागे असतो, त्यामुळे गाणं कानाऐवजी मणक्यातून आत शिरतं. निळ्या एलईडीच्या उजेडात आपले हात दुसऱ्याच कुणाचे वाटतात. आरशाखालचं लिंबू-मिरची ठेका सोडत नाही. उतरताना सुटे पैसे मोजत म्हणायचं, "काय हे आजकालचं संगीत!" ते ढुमढुम ज्या यंत्रातून आलं ते टीआर-808, रोलँड कंपनीने 1980 साली काढलं आणि 1983 साली बंदही केलं. म्हणजे हे 'आजकालचं' तुमच्या लग्नाच्या अल्बमपेक्षा जुनं आहे. ही माहिती आपल्यातच ठेवा.

ऑटोट्यूनला शिव्या घालणं तर सक्तीचंच. बेसूर गळा सुरात आणणारं ते सॉफ्टवेअर 1997 साली आलं. करणारा माणूस आधी जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी कंपनलहरींचं गणित मांडायचा, तेच गणित त्याने गळ्याला लावलं. आपण मात्र "गळ्यात सूर नाही म्हणून मशीन लागते" एवढंच म्हणायचं आणि रविवारी सोसायटीच्या कराओकेत इको वाढवून घ्यायचा.

मंडळी शिकलेली असतील तर पोवाडा काढा. "रॅप आपल्याकडे आधीपासूनच होतं हो, आपला पोवाडा म्हणजे काय?" हे वाक्य तलावपाळीच्या बाकावर कधीच वाया जात नाही. वर 'कलगी-तुरा' टाकला की झालंच. यातलं शक्तीच्या बाजूचं कोण आणि शिवाच्या बाजूचं कोण, असं कुणी विचारलंच, तर फोन आल्यासारखं करा. शेवटचा पोवाडा अख्खा कधी ऐकलात हे सहसा कुणी विचारत नाही. विचारणाऱ्यानेही ऐकलेला नसतो.

जाणकार म्हणून मिरवायचं असेल तर खर्च थोडा जास्त. मुंबईच्या रॅपरांपैकी डिव्हाइन अंधेरीचा आणि नेझी कुर्ल्याचा, एवढं पाठ करा आणि "मी तर 'गली बॉय' सिनेमा यायच्या आधीपासून ऐकतोय" म्हणा. सिनेमा 2019 चा, त्या दोघांचं गाजलेलं गाणं 2015 चं, त्यामुळे थाप मारायला चार वर्षांची ऐसपैस जागा आहे. मग सुस्कारा सोडून जाहीर करा की हिपहॉप, म्हणजे रॅप ज्यातून आलं ते, मेलं. पुरावाही तयार आहे. 2025 च्या ऑक्टोबरात बिलबोर्ड हॉट 100 या अमेरिकेतल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत पहिल्या चाळिसांत एकही रॅप गाणं नव्हतं, असं 1990 नंतर पहिल्यांदाच घडलं. त्याच आठवड्यात जुनी गाणी यादीतून लवकर काढायचा नवा नियम लागू झाला होता. मयताच्या घरी असले बारकावे काढू नयेत.

आता रेडिओ. रेडिओचा आदर्श ठेवा, कारण एफएमवाले मत आणि ऐकणं यांची कधीच गल्लत करत नाहीत. सकाळी आठला लागलेलं गाणं दहाला लागतं, बाराला लागतं, मधे "स्टेशनपासून फक्त दहा मिनिटांवर" असलेला टू-बीएचके लागतो. (दहा मिनिटं कुणाची, हेलिकॉप्टरची?) खासगी एफएमला कार्यक्रमाची आचारसंहिता आकाशवाणीचीच. 2022 साली वर सरकारची सूचनाही आली की दारू, ड्रग्ज, बंदुका यांचा उदोउदो करणारी गाणी नकोत. मग रॅपमधलं नको ते कापतात आणि उरलेलं लग्नाचं गाणं वाजवतात. कळव्याच्या, कोपरखैरण्याच्या पोरांनी मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं मराठी रॅप लागायचं तर त्या पोरांनी आधी एखादा टॉवर बांधायला घ्यावा, निदान जाहिरातीत तरी येतील.

शेवटचा सल्ला कमिटीवर असलेल्यांसाठी. हिपहॉपचा जन्म म्हणून जी पार्टी सांगतात, ती 11 ऑगस्ट 1973 ची, न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सची. बहिणीला शाळेसाठी नवे कपडे हवे होते, म्हणून तिने इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये तिकीट लावलं आणि भावाने गाणी वाजवली. तो पुढे डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झाला. आमच्या सोसायटीत हे घडतं ना, तर हॉलचं डिपॉझिट, वॉचमनचा ओव्हरटाइम आणि एनओसी यातच प्रकरण आटोपलं असतं.

आमच्याकडे पोरं पार्किंगमध्ये जमतात. रात्री साडेआठची वेळ, म्हणजे दहानंतर आवाज नको हा नियम काही मोडत नाही, तरी तक्रार अर्ज तयार झाला. तिसरी सही माझी. अर्ज द्यायला खाली उतरलो तेव्हा माझाच भाचा खांबाला टेकून दिव्याच्या लोकलवर काहीतरी म्हणत होता, दुसरा पोरगा हेल्मेटवर ठेका धरत होता. मी चुकून थांबलो. "बोगदा संपला की उजेड, उजेड संपला की मुंब्रा." यमक नाही, काही नाही. मी तसं त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "मामा, गर्दीत यमक जुळवायला जागा कुठे असते?"

तीन दिवस ती ओळ डोक्यातून जात नाहीये. तुमच्या बाबतीत असं झालं तर दुर्लक्ष करू नका, ताबडतोब एफएम लावा. सकाळपासून चौथ्यांदा तेच गाणं लागेल, तेवढ्याने जाते म्हणतात.